न उडाल्याचा पुरावा

चष्मेवालीच्या सासूबाईंनी मोतीबिंदू काढायला होकार दिला, तो एका अटीवर. डोळे झाल्यावर सुनेने त्यांना फुग्यातून वर न्यायचं. फुगा म्हणजे तो मोठा, खाली टोपली लटकवलेला, आगीच्या जोरावर वर चढणारा.

"डोळे नवे करायचे आणि पुन्हा तोच ओटा, तोच जिना आणि समोरच्यांची तीच गच्ची बघायची असेल, तर मला जुने पुरतात," त्यांनी सांगून टाकलं.

चष्मेवालीची तर लाजेने मान खाली जायची वेळ आली होती. अर्ध्या शहराच्या नाकावर तिच्या दुकानातल्या फ्रेमा होत्या. चालता चालता समोरच्या माणसाचा नंबर साधारण किती असेल हे ती सांगू शकत असे. आणि तिच्याच घरात सासूबाई चहात साखरेऐवजी रवा घालत होत्या. एकदा दुकानात आल्या आणि कोट अडकवायच्या स्टँडला "बसा ना, उभे का?" म्हणाल्या. गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून हसली. चष्मेवालीने त्याच दिवशी अट मान्य केली.

"ठरलं, आई. फुगा तर फुगा."

तिच्या नवऱ्याने मात्र ते ऐकून हातातला घास खाली ठेवला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंचच उंच इमारतींच्या पोटात शिरून दोर, कप्प्या, दरवाजे तपासणं हे त्याचं रोजचं काम. पण घराच्या गच्चीवर कठड्याजवळ गेला तरी तो डोळे मिटून घ्यायचा. "लिफ्टला चार भिंती असतात," तो म्हणायचा, "आणि भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. माणसाने वर जावं ते असं, काही न बघता."

"तुला कोण बोलावतंय?" त्याची आई म्हणाली. "आम्ही दोघी जाऊ."

ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि घरात नुसता गोंधळ माजला. सासूबाई खोल्याखोल्यांतून फिरू लागल्या, जणू घर नुकतंच भाड्याने घेतलंय. "हा पडदा पिवळा आहे? मी इतकी वर्षं पांढरा समजून धुतेय!" "या कोपऱ्यात कोळ्याने पूर्ण वसाहत केलीय, कुणाला दिसत नाही का?" मग त्या मुलासमोर उभ्या राहिल्या, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि हळहळून म्हणाल्या, "अरे, तू कधी म्हातारा झालास? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

सुनेकडे बघून त्यांनी मान डोलावली. "तू मात्र छान दिसतेस गं. मला वाटायचं त्यापेक्षा बरीच छान."

इतक्या वर्षांच्या संसारात सासूकडून एवढं कौतुक चष्मेवालीच्या पहिल्यांदाच वाट्याला आलं. ती तशीच दुकानात गेली आणि गिऱ्हाइकं नव्हती तेवढ्यात कॉम्प्युटर उघडून फुगा शोधू लागली.

फुगा सापडायला वेळ लागला नाही. एका साइटवर निळाशार फुगा सोनेरी उजेडात तरंगत होता आणि टोपलीतली माणसं दात काढून हसत होती. शहराबाहेरच्या मैदानावरून, पहाटे, दोघांसाठी फेरी. चष्मेवालीने तारीख निवडली आणि मुद्दाम क्रेडिट कार्डाने पैसे भरले. कार्ड देताना बँकेच्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की या कार्डाला खरेदी-संरक्षण आहे, घेतलेली गोष्ट मिळाली नाही तर आम्ही बसलोय. 'पैसे भरा' दाबल्यावर मात्र साइटचं पान गेलं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं पान उघडलं. वर कुलपाचं चित्र, खाली लिहिलेलं, 'तुमचे पैसे सुरक्षित हातांत.' तिने मोबाइलवर आलेला आकडा टाकला. पैसे गेले. फेरी पक्की झाल्याची मेल आली. तिने ती छापून स्वयंपाकघरात लावली आणि सासूबाईंनी ती इतक्या वेळा मोठ्याने वाचली, की नवरा त्या आवाजानेच घाबरू लागला.

महिन्याचा कार्डाचा हिशेब आला तेव्हा त्यात फुगेवाल्यांचं नाव नव्हतं. त्या कुलूपवाल्या कंपनीचं होतं. "ही मधली कंपनी," चष्मेवाली नवऱ्याला म्हणाली. "पैसे इकडून घेते, तिकडे देते." नवऱ्याने खांदे उडवले आणि विषय संपला.

ठरल्या दिवशी दोघी भल्या पहाटे मैदानावर पोचल्या. सासूबाईंनी ठेवणीतला कोट घातला होता, डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता, आणि वरून काहीतरी हलवायला हवं म्हणून एक हातरुमाल हातात धरला होता. मैदान रिकामं होतं. लांबवर एकच माणूस गवत कापायचं यंत्र घेऊन फिरत होता. तो जवळ आला, त्याने यंत्र बंद केलं आणि दोघींकडे आळीपाळीने बघितलं.

"फुग्यासाठी आलात का?"

"हो. कुठे आहे?"

"ते बंद झालं, ताई. आधीही लोक येऊन गेले. मीच सगळ्यांना सांगतोय."

चष्मेवालीने साइटचा नंबर लावला. नंबर बंद. साइट उघडली, तर पान सापडत नाही असं आलं. तिच्या पायाखालची जमीन सरकली. आणि वर जायची सोय तर कुठेच दिसेना. ती सासूबाईंना काय सांगावं याची जुळवाजुळव करत वळली, तर सासूबाई खाली वाकून गवताचं पातं निरखत होत्या.

"याच्यावर दव आहे," त्या म्हणाल्या. "एकेक थेंब वेगळा दिसतो. बघ तरी." मग सरळ होऊन कोट झटकला. "चल. पैसे परत आण, मग दुसरा फुगा बघू. मी काही एवढ्यात मरत नाही."

त्या दिवशी दुपारी चष्मेवालीने बँकेला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाचा मुलगा आला.

"बोला मॅडम, कुठल्या खरेदीबद्दल तक्रार आहे?"

"फुगा."

"फुगा... बरं. फुगा फुटला का मॅडम?"

"फुगा फुटला नाही. फुगा आलाच नाही."

"पार्सल आलं नाही, असं लिहितो."

"पार्सल नाही हो! फुग्यातून फेरी मारायची होती. माणसांनी बसायचा फुगा."

"अच्छा, अच्छा." टकटक आवाज आला. "मॅडम, पण इथे तर तुम्ही फुगेवाल्यांना पैसे दिलेलेच दिसत नाहीत. तुम्ही दिलेत पेमेंट कंपनीला."

"त्यांनी पुढे फुगेवाल्यांना दिले ना!"

"तेच तर मॅडम. आपल्या खरेदी-संरक्षणासाठी तुम्ही, आम्ही आणि विकणारा असा थेट संबंध लागतो. तुमच्या बाबतीत मध्ये तिसरा आला, साखळी तुटली. तुम्ही पेमेंट कंपनीकडून काय विकत घेतलंत? पैसे पोचवण्याची सेवा. ती त्यांनी दिली. पैसे पोचले. म्हणजे तुमची खरेदी, खरं सांगायचं तर, यशस्वी झाली."

चष्मेवालीने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा कानाला लावला. "म्हणजे माझे पैसे बुडाले ही यशस्वी खरेदी?"

"आमच्या बाजूने हो, मॅडम. तुम्ही त्यांच्याशी बोला. आणखी काही मदत करू शकतो का?"

मधल्या कंपनीची बाई तर त्याच्याहून गोड निघाली. त्यांचंही स्वतःचं ग्राहक-संरक्षण होतं, आणि फार चांगलं होतं, असं तिनेच सांगितलं. वस्तू फुटली, चुकीची आली, आलीच नाही, तर लगेच भरपाई. "पण वस्तू दारात यायला हवी. फेरी दारात येत नाही. फेऱ्या, कार्यक्रम, तिकिटं आमच्या संरक्षणात बसत नाहीत. तरी तक्रार नोंदवून ठेवते हं. तुम्ही कार्डाने भरलेत ना? मग बँकेशी बोला."

"बँक म्हणते तुमच्याशी बोला."

"हो, ते तसंच म्हणतात," बाई समजूतदारपणे म्हणाली.

टोलवाटोलवी अशी काही दिवस चालली. दुकानात एका गिऱ्हाइकाचा नंबर तपासताना चष्मेवालीने "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारलं आणि तो "नाही" म्हणाल्यावर "मलाही नाही!" असं ओरडली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी कोट घातला.

"फोनवर माणूस दिसत नाही," त्या म्हणाल्या. "समोर बसून बोलू. मला आता माणसं दिसतात."

बँकेच्या मोठ्या शाखेत तक्रारींसाठी एक वेगळी खोली होती. आत एक बाई फायलींच्या मागे बसलेली. चाळिशीची, थकलेली, आणि तिचा चष्मा दर वाक्याला नाकावरून घसरत होता. ती तो बोटाने वर ढकलायची, तो पुन्हा यायचा. चष्मेवालीने फुग्याची हकिगत सांगायला सुरुवात केली. पण तिचं सगळं लक्ष त्या चष्म्याकडे. शेवटी तिला राहवेना.

"जरा द्या बघू इकडे."

बाईने काही कळायच्या आत चष्मा काढून दिला. चष्मेवालीने पर्समधून पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, दांडीचा स्क्रू आवळला, नाकाचे टेकू दाबून सारखे केले, काचा पुसल्या आणि चष्मा परत दिला. बाईने तो घातला, मान खाली केली, वर केली, जोरात हलवली. चष्मा हलला नाही.

"मी वर्षभर याला शिव्या घालतेय," ती म्हणाली. आणि हसली. मग तिने कागद पुढे ओढले. "आता नीट सांगा. फोनवर त्या मुलाने काय सांगितलं?"

चष्मेवालीने तुटलेल्या साखळीचं सांगितलं.

"चुकीचं नाही सांगितलं त्याने. मधला आला की ते संरक्षण बहुतेक वेळा लटकतं. पण तुम्ही एकच दार ठोठावलंत आणि त्याने तेवढ्याच दाराबद्दल सांगितलं. दुसरं दार आहे. चार्जबॅक म्हणतात. कार्डावरून गेलेला व्यवहारच उलटा फिरवायचा. पैसे घेतले आणि सेवा दिली नाही, एवढं दाखवता आलं की पुरे. मध्ये कोण होतं याने तिथे अडत नाही. आम्ही मधल्या कंपनीच्या बँकेकडून मागतो, ती मधल्याकडून मागते, आणि मधला ते विकणाऱ्याकडून वसूल करत बसेल."

"बसू दे!" सासूबाई म्हणाल्या.

"त्याला मुदत असते, पण तुमची फेरी आत्ता आत्ताची, तुम्ही मुदतीत आहात. मधल्या कंपनीकडची तक्रार मात्र आधी मागे घ्या. एकाच वेळी दोघांशी भांडलात तर दोघेही म्हणतात, तिकडे चालू आहे ना, आम्ही थांबतो. फेरी पक्की झाल्याची मेल द्या. त्यावर फुगेवाल्याचं नाव आणि रक्कम आहे, ती हिशेबाशी जुळते, म्हणजे हे पैसे त्याच फेरीचे. फोन लावल्याचं दिसेल असं काहीतरी द्या. आणि..." ती थोडी अडखळली. "तुम्ही उडाला नाहीत याचा काही पुरावा आहे का?"

चष्मेवाली पर्समध्ये मेल शोधत होती, ती थांबली.

"उडाला नाहीत याचा?"

"विकणारा म्हणू शकतो ना, फेरी झाली. किंवा तुम्ही आलाच नाहीत."

"मी इथे बसलेय," सासूबाई म्हणाल्या. "हा काय कमी पुरावा आहे?"

"उडून उतरल्यावरही तुम्ही इथे बसू शकता, आजी."

सासूबाईंनी विचार केला आणि त्यांना ते इतकं पटलं, की त्या खुर्चीतल्या खुर्चीत हसायला लागल्या. मग सूनही हसायला लागली. तक्रारींच्या खोलीत फारसं कुणी हसत नसावं, कारण शिपाई दार उघडून बघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून दोघी पुन्हा मैदानावर गेल्या. नवऱ्यालाही ओढून नेलं, फोटो काढायला. जमिनीवर फोटो काढायचे असल्याने त्याची काही हरकत नव्हती.

"पाय दिसू देत," चष्मेवाली म्हणाली. "पाय महत्त्वाचे आहेत."

सासूबाई मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. हाताची घडी घातली. चेहरा असा केला, की बघणाऱ्याला लगेच कळावं, ही बाई हवेत गेलेली नाही आणि त्यामुळे अत्यंत नाराज आहे. तो चेहरा काही केल्या टिकेना. फोटो काढायला गेलं की त्यांचे ओठ थरथरायचे आणि हसू फुटायचं.

"आई, तू हसतेस. हसलीस तर वाटेल उडून आलीस."

"मग मला काहीतरी वाईट सांग."

"मी पण येतो तुमच्याबरोबर वर," मुलगा म्हणाला. आणि स्वतःच्याच बोलण्याने इतका घाबरला, की त्याच्या हातातला फोन हलला. फोटोत मैदान तिरकं आलं आणि सासूबाई उताराला लागल्यासारख्या.

तोपर्यंत गवत कापणारा आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो फार रंगला. साक्षीला मीही उभा राहतो म्हणाला. त्याने पॅन्ट झटकली, केस नीट केले आणि सासूबाईंच्या शेजारी यंत्राला टेकून उभा राहिला. त्याने कागदावर लिहूनही दिलं, की त्या पहाटे तो मैदानावर होता, या दोघी वेळेआधी आल्या, आणि एकही फुगा वर गेला नाही, गेला असता तर त्याला यंत्र बाजूला घ्यावं लागलं असतं.

एवढ्यात सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला. "ते काय लाल आहे?"

"कुठे?"

"तिकडे. झाडांच्या मागे. कुंपणावर वाळत घातलंय. चादर आहे का? एवढी मोठी?"

चष्मेवालीने चष्मा पुसून पाहिलं, तिला एक ठिपका दिसला. गवत कापणारा म्हणाला, "ते होय! तो फुगाच. बाई तिथेच राहते, शेडमध्ये. फुगा तिचा. ती उन्हात टाकते मधूनमधून."

सासूबाई चालायलाही लागल्या होत्या.

शेडमध्ये रुंद खांद्यांची एक बाई जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर शिलाईचं यंत्र, आणि यंत्रातून लाल कापडाचा डोंगर पाझरत सगळ्या शेडभर पसरलेला. तिच्या दोन्ही भुवया अर्ध्याच होत्या. बाकीच्या अर्ध्या फुग्याच्या आगीने नेल्या असाव्यात. फुग्याचं नाव काढल्यावर तिने यंत्र थांबवलं.

"तुम्हालाही त्या साइटनेच विकलं ना?" ती म्हणाली. "माझ्या नावावर फेऱ्या विकल्या. पैसे घेतले. मला कधी सांगितलं, कधी नाही. दिले तर काहीच नाहीत. गॅस काय फुकट येतो? मी सांगून टाकलं, पैसे द्या, मग उडेन. त्यांनी फोन उचलणं बंद केलं, मी उडणं बंद केलं. आणि लोक येतच राहिले." तिचा आवाज जरा बसला. "मला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून मी इथे मागे बसते."

"तुम्ही काय केलंत लाजायला?" चष्मेवाली म्हणाली. "हेच लिहून द्याल का?"

बलूनवालीने एका दमात लिहून दिलं. त्या दिवशी फुगा शेडमधून हललाच नाही, ही नोंद तिच्याकडे होतीच. उडायचं असलं तर परवानगी घ्यावी लागते आणि ती तिने घेतली नव्हती. सही करून झाल्यावर तिने सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला आता दिसतं," सासूबाई म्हणाल्या. जणू त्यात सगळं आलं.

मधल्या कंपनीकडची तक्रार मागे घेतली आणि कागद बँकेत गेले. वाट बघण्याचे दिवस सुरू झाले. मग एके सकाळी तक्रारींच्या खोलीतल्या बाईचा फोन आला. मधल्या कंपनीमार्फत साइटवाल्यांचं उत्तर आलं होतं. फेरी ठरल्याप्रमाणे झाली, ग्राहक मैदानावर आलेच नाहीत. सोबत त्या दिवशीच्या उड्डाणाचा फोटो.

"फोटो?" चष्मेवालीचा आवाज चिरकला. "कसला फोटो?"

"निळा फुगा आहे. सोनेरी उजेड. लोक हसतायत."

"निळा!" चष्मेवाली इतक्या जोरात ओरडली, की खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने "निळा नको, मला काळीच फ्रेम हवी," असं सांगितलं. "अहो, त्यांच्याकडे निळा फुगा नाहीच! फुगा लाल आहे! मी बघितलाय, हात लावलाय! आणि हा फोटो साइटवर पहिल्यापासून होता, माझ्या मेलवरही छापलाय!"

"तेच मी म्हणतेय," पलीकडून बाई म्हणाली, आणि तिचाही आवाज वर चढला होता. "मेल माझ्यासमोर आहे. मेल आली फेरीच्या कितीतरी आधी. फेरी व्हायच्या आधीच फेरीचा फोटो? मी हे असं पाठवलंय ना वर, की वरच्यांनी मला विचारलं, तुम्ही आज खुशीत का? मंजूर झालं. पैसे परत आलेत तुमच्या कार्डावर."

चष्मेवालीचा आनंद गगनात मावेना. तिने फोन ठेवला, नंबर तपासायच्या तक्त्याचा दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला. काळ्या फ्रेमवाल्या गिऱ्हाइकाला सूट दिली, आणि मागून आलेल्या दुसऱ्यालाही दिली. मग दुकान तसंच उघडं टाकून रस्ता ओलांडून घरी पळाली. सासूबाई खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजत होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलंच नाही. उठल्या आणि कोट शोधू लागल्या.

"आत्ता नाही, आई! वारा बघावा लागतो, परवानगी घ्यावी लागते!"

"मग फोन कर! बघत काय बसलीस?"

बलूनवालीने वारा बघितला, परवानगी घेतली, गॅस भरला. त्या पहाटे मैदानावर लाल फुगा आडवा पसरला होता आणि पंख्याने त्याच्यात हवा भरली जात होती. तो हळूहळू फुगत होता, कुशीवर वळत होता, झोपेतून उठणाऱ्या लठ्ठ माणसासारखा. बलूनवालीने खिशातून कार्डाचं छोटं यंत्र काढलं.

चष्मेवालीने कार्ड बाहेर काढलं, आणि थांबली. "माफ करा हं. पण हे पैसे सरळ तुम्हालाच ना? मध्ये कुणी?"

"मध्ये फक्त हवा," बलूनवाली म्हणाली. यंत्रातून पावती आली, तिच्यावर बलूनवालीचंच नाव होतं. चष्मेवालीने ते दोनदा वाचलं.

आग फुरफुरली. फुगा उभा राहिला आणि तिथल्या प्रत्येकाचं तोंड आपोआप वर गेलं. गवत कापणारा आणि चष्मेवालीचा नवरा, दोघांनी टोपलीची कड धरून ठेवली. सासूबाईंना पायरी लावायच्या आत त्यांनी एक पाय आत टाकला होता. सुनेने मागून ढकललं, बलूनवालीने पुढून ओढलं. मग सूनही चढली.

"आई, सांभाळून," मुलगा म्हणत होता. "कडेला उभी राहू नकोस. वाकू नकोस. खाली बघू नकोस."

"मग काय डोळे मिटून बसू? डोळे कशाला केले?"

"दादा, हात सोडा आता," बलूनवाली म्हणाली. "नाहीतर आत या. काय ते ठरवा."

टोपली गवतावरून जराशी सुटली होती, पुन्हा टेकत होती. चष्मेवालीने नवऱ्याकडे बघितलं. त्याचे डोळे गच्च मिटलेले, बोटं पांढरी पडलेली, आणि हात काही केल्या सुटत नव्हते.

"अहो, सोडा की!"

"सुटत नाहीत गं!" तो ओरडला. आणि कसं कुणास ठाऊक, गवत कापणाऱ्याने खालून उचललं की त्यानेच उडी मारली यावर पुढे बराच वाद झाला, पण तो डोकं खाली पाय वर असा टोपलीत येऊन पडला, आणि मैदान खाली राहिलं.

वर चढताना काहीच आवाज नव्हता. आग थांबली की इतकं शांत, की खालच्या कुत्र्याचं भुंकणं कानाशी येत होतं. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, रुमालाची टोकं गालांवर फडफडत होती. त्या एकेक छप्पर बोटाने मोजत होत्या. खाली रस्ते, छपरं, नदीवरचा पूल, सगळं नुकतंच पुसून ठेवल्यासारखं. चष्मेवालीला मोठ्याने गावंसं वाटत होतं, आणि येत नसताना ती गायलीही. तिच्या पायाशी नवरा बसून होता.

"भिंती आहेत ना इथे?" त्याने खालूनच विचारलं.

"चार आहेत. वेताच्या आहेत, पण आहेत."

बऱ्याच वेळाने तो गुडघ्यांवर आला. मग त्याचं नाक कडेवर आलं. मग एक डोळा उघडला. "अरे," तो हळूच म्हणाला. मग दुसराही उघडला. "अरे, हे तर... कुठे हलतच नाही आपण! हेच हलतंय सगळं!" तो उभा राहिला. त्याने बायकोचा हात धरला होता, आणि तो आता भीतीने धरला नव्हता हे तिला बोटांवरून कळलं. "तो बघ तो उंच टॉवर! त्याची लिफ्ट माझी! तिसऱ्या शाफ्टचा दोर मी बदललाय!" असं म्हणून तो खालच्या इमारतीला हात हलवू लागला.

उतरताना वाऱ्याने जरा थट्टा केली. बलूनवाली "गुडघे वाकवा, घट्ट धरा!" म्हणाली, टोपली एकदा टेकली, उसळली, पुन्हा टेकली, एका बटाट्याच्या शेतातून घसटत गेली आणि आडवी झाली. चौघं एकमेकांच्या अंगावर पडले. सासूबाई सगळ्यात वर. लाल कापड सावकाश शेतावर पसरत गेलं. कुणाला काही लागलं नव्हतं. पण हसण्यामुळे कुणाला उठता येईना. एक उठायला गेला की दुसरा हसायचा आणि पहिला परत पडायचा. चष्मेवालीच्या चष्म्याची एक काच मातीत गेली होती आणि ती उरलेल्या एका काचेतून रडेपर्यंत हसत होती.

शेताची मालकीण हातात फावडं घेऊन धावत आली. तिने तो लाल पसारा बघितला, आडवी टोपली बघितली, आणि तिच्यातून बाहेर आलेले पाय बघितले.

"कोण तुम्ही? कुठून आलात?"

सासूबाईंनी मातीने माखलेला हात उचलून वर दाखवलं. "वरून."

बाईने वर बघितलं. मग फावडं जमिनीत रोवलं, हात कमरेला पुसले आणि बलूनवालीकडे वळून जरा लाजत विचारलं, "आणखी एकाला जागा होते का हो त्यात?"